नव्याने घर चालवणाऱ्यांसाठी बजेट: पद्धत कोणती घ्यायची, हिशोब कसा ठेवायचा

पगार झाल्यावर पहिले दहा-बारा दिवस बरे जातात आणि वीस तारखेनंतर भाजी घेतानाही विचार करावा लागतो, ही तक्रार नव्याने घर मांडलेल्या मुलामुलींकडून मी नेहमी ऐकते. बहुतेक जण त्याच रात्री मोबाईलवर बजेटचं एखादं ॲप उतरवून घेतात, आठवडाभर चहा-बिस्किटापर्यंत सगळं भरतात आणि पुढच्या आठवड्यात सोडून देतात. पद्धत आधी निवडली जाते आणि आपला खर्च मुळात होतो कसा हे पाहायचं राहून जातं, म्हणून ती टिकत नाही.

घराचा जमाखर्च मी बरीच वर्षं ठेवते आहे. वही, पाकिटं, शीट, ॲप असं सगळं वापरून झालं आहे. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. घाई असेल तर बाकी काही मागेपुढे करा, पण तिसरी पायरी वगळू नका. नव्या घरांचं बजेट कोसळतं ते तिथेच.

आधी हाताशी काय हवं

- सगळ्या बँक खात्यांचं गेल्या १२ महिन्यांचं स्टेटमेंट. नेटबँकिंगमधून पीडीएफ आणि एक्सेल दोन्ही मिळतं, एक्सेल घ्या.
- क्रेडिट कार्ड असेल तर त्याची बिलं
- पगाराची स्लिप. पीएफ आणि कर कापून खात्यात पडणारी रक्कमच धरायची, ‘पॅकेज’ विसरा.
- विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, कर्जाच्या परतफेडीचं वेळापत्रक, भाडेकरार
- वाण्याकडे खातं असेल तर त्याची वही किंवा बिलं
- एक शंभर पानी वही. पुढे शीट किंवा ॲप वापरायचं असलं तरी पहिला महिना वहीत काढा.

## १. पहिला महिना नुसतं लिहा

या महिन्यात काटकसर करायची नाही, मर्यादा ठरवायच्या नाहीत. तारीख, तपशील, रक्कम आणि पैसे कशातून गेले (रोख, यूपीआय, कार्ड) एवढंच लिहायचं. रोज रात्री जेवण झाल्यावर लिहिलं तर पाच मिनिटांत होतं. रविवारी आठवड्याचं एकदम लिहू म्हटलं की निम्मं आठवत नाही.

‘यूपीआयमुळे सगळी नोंद आपोआप होतेच, मग लिहायचं कशाला?’ असं हमखास विचारलं जातं. स्टेटमेंट उघडून बघा म्हणजे कळेल. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीचे पैसे गाडीच्या नावाने दिसत नाहीत, मालकाच्या किंवा त्याच्या भावाच्या नावाने दिसतात. महिन्यानंतर ४५ रुपये कोणाला दिले होते हे ओळखता येत नाही. म्हणून पैसे पाठवताना टिप्पणीच्या रकान्यात ‘भाजी’, ‘रिक्षा’, ‘औषध’ असा एक शब्द टाकायची सवय लावा.

दुसरी मेख यूपीआय लाइटची, म्हणजे छोट्या खर्चांसाठी ॲपमध्ये आधीच थोडे पैसे भरून ठेवायच्या सोयीची. लाइटमधून केलेले छोटे खर्च बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एकेक करून येत नाहीत, फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. चहा, पार्किंग, झेरॉक्स असं सगळं तिथून जात असेल तर ते ॲपच्या इतिहासात जाऊन बघावं लागतं.

दुधासाठी मात्र जुनी रीतच चांगली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाडे मांडा. दूधवाल्याचा हिशोब महिनाअखेरीला मिनिटभरात होतो आणि वादही होत नाही. गॅस सिलिंडर लावल्याची तारीखही तिथेच लिहा. सिलिंडर किती दिवस पुरतो हे कळलं की त्याचा खर्चही नेमका धरता येतो.

## २. खर्च कोणता आणि नुसती फिरवाफिरव कोणती, ते वेगळं करा

एटीएममधून ३,००० रुपये काढले, हा खर्च नव्हे. पैसे खात्यातून खिशात आले. त्या तीन हजारांतून भाजी घेतली तो खर्च. दोन्ही लिहिलंत तर खर्च दुप्पट दिसेल. क्रेडिट कार्डाचं बिल भरणं, स्वतःच्या एका खात्यातून दुसऱ्यात पैसे टाकणं, आवर्ती ठेवीत भरणं, यांनाही तोच नियम.

हातउसने दिलेले पैसे वेगळ्या पानावर लिहा, नाव आणि तारखेसकट. मित्रांबरोबर जेवायला जाऊन बिल तुम्ही भरलंत आणि बाकीच्यांनी आपापला वाटा पाठवला, तर खर्चात फक्त तुमचा वाटा धरा. पीएफची कपात पगाराच्या आधीच झालेली असते, ती या हिशोबात आणू नका.

भिशीचा हप्ता बचतीत धरतात, धरा. पण मैत्रिणींमधली किंवा ऑफिसमधली भिशी कुठे नोंदवलेली नसते. कोणी हप्ते थांबवले तर दाद मागणं फार अवघड जातं. बुडले तर घर अडणार नाही एवढीच रक्कम तिथे टाका.

## ३. वर्षाचे खर्च काढा आणि बाराने भागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘महिन्याचा खर्च चाळीस हजार’ असं आपण म्हणतो तेव्हा गणपती, दिवाळी, गाडीचा विमा आणि जूनमधली शाळेची फी त्यात धरलेली नसते. ते खर्च आले की ‘या महिन्यात जरा जास्त झालं’ असं म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात वर्षातले सात-आठ महिने ‘जरा जास्त’ वालेच असतात.

बारा महिन्यांचं स्टेटमेंट पुढे घ्या आणि दर महिन्याला न येणारा प्रत्येक मोठा खर्च वेगळ्या कागदावर उतरवा. पुण्यात भाड्याने राहणारं एक जोडपं, एक शाळेत जाणारं मूल, असं उदाहरण धरू:

- शाळा: फी, गणवेश, वह्या-पुस्तकं, दप्तर, रेनकोट: २४,०००
- दिवाळी: कपडे, फराळ, कामवाल्या मावशींचा बोनस, भाऊबीज: १८,०००
- एलआयसीचा वार्षिक हप्ता: १२,०००
- लग्नसराईतले आहेर आणि प्रवास: १०,०००
- भाडेकराराची नोंदणी आणि एजंटचे पैसे (करार ११ महिन्यांचा असतो, म्हणजे वर्षाच्या आतच पुन्हा येतो): ८,०००
- दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग: ६,०००
- गणपतीला गावी जाणं-येणं: ६,०००

बेरीज ८४,०००. बाराने भागले तर दरमहा ७,०००. हे सात हजार भाड्याइतकेच पक्के धरायचे, पगाराच्या दिवशी बाजूला काढायचे आणि वेगळ्या खात्यात ठेवायचे. स्वतःचं घर असेल तर यात घरपट्टीही येते. पुण्यासारख्या महापालिकेत वर्षाच्या सुरुवातीलाच ती भरली तर सवलत मिळते, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पैसे तयार असण्याचा थेट फायदा आहे.

आपले सण तिथीने येतात, हेही हिशोबात घ्या. दिवाळी २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये ती २० ऑक्टोबरच्या आसपास आली. दिवाळीचे पैसे सप्टेंबरअखेर जमलेले असावेत, असं गणित ठेवलं की कधीच तारांबळ होत नाही. अधिक महिना आला की जावयाच्या वाणाचा खर्च येतो. तो अडीच-तीन वर्षांनी येत असला तरी ज्यांच्याकडे ही रीत आहे त्यांनी थोडे पैसे धरून ठेवावेत.

हा निधी कुठे ठेवावा? दुसऱ्या बचत खात्यात, नाहीतर बँकेच्या आवर्ती ठेवीत. पतसंस्था व्याज जास्त देते म्हणून अनेक जण तिथे ठेवतात. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. शाळेची फी आणि विम्याचे हप्ते ज्या पैशांवर अवलंबून आहेत ते अर्ध्या-एक टक्क्यासाठी तिकडे ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

## ४. आता महिन्याचं बजेट मांडा

मांडणीच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत.

पहिली टक्केवारीची. गरजांना ५०, हौसमौजेला ३०, बचतीला २०. एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरेन त्यागी यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी ती मांडली आणि आज मराठी व्हिडिओंमध्येही तीच सांगितली जाते. वरच्या जोडप्याला लावून बघू. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ५२,०००. भाडं १६,०००, किराणा-दूध-भाजी ११,०००, वीज-गॅस-इंटरनेट-मोबाईल ३,५००, पेट्रोल ३,०००. एवढ्यातच ३३,५०० झाले, म्हणजे ६४ टक्के. शाळा आणि विमा अजून धरलेलाच नाही. शहरात भाड्याने राहणाऱ्या आणि मध्यम पगार असलेल्या घरात ५० टक्क्यांत गरजा बसत नाहीत, आणि बसत नाहीत म्हणून लोक स्वतःला दोष देतात. तसं करू नका. टक्केवारी दिशा बघायला चांगली, मोजपट्टी म्हणून आपल्याकडे फार उपयोगी नाही.

दुसरी रीत शून्याधारित. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत पीटर पिअर यांनी ती १९७० च्या सुमारास आणली. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला होता. सरकारी पातळीवर तिचा अर्थ असा की मागच्या वर्षी पैसे मिळाले म्हणून या वर्षी आपोआप मिळत नाहीत, प्रत्येक खर्चाची गरज नव्याने पटवून द्यावी लागते. घरात तिचं सोपं रूप वापरतात: महिना सुरू होण्याआधी प्रत्येक रुपयाला काम नेमून द्यायचं आणि शेवटी हातात शून्य उरलं पाहिजे.

त्याच ५२,००० चं असं होईल: गरजा ३३,५००, वर्षाच्या खर्चांसाठी ७,०००, गावी आई-वडिलांना ३,०००, आणीबाणीच्या निधीत ५,०००, हॉटेल-सिनेमा-भेटवस्तू ३,५००. बेरीज बरोबर ५२,०००. ‘उरले तर बचत’ याला इथे जागाच राहत नाही, म्हणून नव्या लोकांना मी हीच रीत सुचवते. आणीबाणीच्या निधीत निदान तीन महिन्यांच्या गरजा हव्यात. या घरासाठी ते लाखभर रुपये होतात, म्हणजे दरमहा पाच हजारांनी वीस महिने लागतील. वेळ लागतो, पण सुरुवात करा.

जपानची काकेइबो पद्धतही बरीच ऐकू येते. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरच्या जमाखर्चाची तशी वही प्रसिद्ध केली. तिचं सार असं की हाताने लिहायचं आणि महिन्याच्या सुरुवातीला किती आहेत, किती वाचवायचे, किती खर्च होतात, कुठे सुधारता येईल हे चार प्रश्न स्वतःला विचारायचे. वही आवडणाऱ्यांनी जरूर करावी.

## ५. नोंद ठेवायची पद्धत निवडा

पहिल्या महिन्याची वही आता कामाला येईल. पैसे कशातून जास्त जातात ते तिच्यात बघा आणि त्याप्रमाणे ठरवा.

वही. रोखीचा व्यवहार जास्त असेल, घरात मोबाईल कमी वापरणारी माणसं असतील, तर वहीच. पाच रकाने: तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक. रोजची शिल्लक काढायची आणि पाकिटातल्या पैशांशी ताडून बघायची. दहा-वीस रुपयांचा फरक आला तर ‘फरक’ असं लिहून पुढे जा, त्यासाठी रात्र जागवू नका.

पाकिटं. पगार झाला की रोख काढून किराणा, भाजी, प्रवास, हौस अशी पाकिटं भरायची. पाकीट संपलं की त्या बाबीचा खर्च बंद. हातात मावणाऱ्या पैशांना ही पद्धत फार छान लागू पडते. अडचण एकच की भाजीवालीकडेही आता क्यूआर कोड लावलेला आहे आणि पाकीट घरी राहून जातं.

दोन किंवा तीन खाती. यूपीआयवर जगणाऱ्यांसाठी हेच पाकीट, आणि माझ्या मते आजच्या घडीला सगळ्यात परिणामकारक. पगाराच्या खात्यातून भाडं, हप्ते, एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक तारखेला जाणारी रक्कम) जातात. दुसऱ्या खात्यात रोजच्या खर्चाची ठरलेली रक्कम टाकायची आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडायचं. तिसऱ्या खात्यात वर्षाचे खर्च. त्याला यूपीआय नको, डेबिट कार्डही घरीच ठेवा. खर्चाच्या खात्यात १५ तारखेला किती उरले हे बघितलं की महिन्याची गाडी कुठे आहे ते लगेच कळतं. जपायचं एवढंच की अनेक बँका किमान शिल्लक नसेल तर दंड लावतात. खातं उघडण्याआधी अट विचारून घ्या. स्टेट बँकेने बचत खात्यांवरची ही अट २०२० मध्ये काढून टाकली. पोस्टाच्या बचत खात्यात ५०० रुपये ठेवावे लागतात.

शीट. दोघांनी मिळून भरायचं असेल तर गूगल शीट सोयीची. तारीख, रक्कम, प्रकार, कोणी, कशातून, एवढे पाचच रकाने. प्रकार आठ-दहाच ठेवा. तीस प्रकार केलेत की प्रत्येक वेळी ‘हे कशात टाकू?’ म्हणून अडता. प्रकाराच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशन (ठरलेली नावंच भरू देणारी सोय) वापरून ड्रॉपडाउन लावाच. ते नसेल तर एक जण ‘किराणा’ लिहितो, दुसरा ‘किराना’, आणि बेरजेत दोन वेगळी नावं येऊन दोन्ही आकडे चुकीचे निघतात. बेरजेसाठी पिव्होट टेबल (प्रकारवार बेरीज आपोआप मांडणारा तक्ता) पुरेसं आहे.

ॲप. आयतं हवं असेल तर ॲप. पण उतरवताना ते कोणत्या परवानग्या मागतं ते वाचा. अनेक ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेऊन खर्च टिपतात. त्याच एसएमएसमध्ये तुमचे ओटीपी आणि बँकेची शिल्लकही असते. खर्च दाखवता दाखवता कर्ज देऊ करणारी ॲपही आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. खात्यांची माहिती जोडून देण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था आहे. तिथे तुमची संमती घेतली जाते आणि ती काढूनही घेता येते, त्यामुळे तो मार्ग बरा. आणि दर महिन्याला आपला डेटा फाईलमध्ये उतरवून ठेवा. अमेरिकेतलं मिंट हे बजेटचं नावाजलेलं ॲप मार्च २०२४ मध्ये बंद झालं. वर्षानुवर्षांच्या नोंदी एका ॲपच्या भरवशावर ठेवू नयेत.

‘किरकोळ’ हा प्रकार कुठल्याही पद्धतीत सांभाळा. तो फुगायला लागला की त्यातल्या नोंदी पुन्हा वाचून दोन-तीन भाग करा. बहुतेक वेळा त्यात बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तू निघतात.

## ६. क्रेडिट कार्ड आणि हप्ते

कार्डाने घेतलेली वस्तू घेतली त्याच दिवशी खर्चात लिहा, बिलाच्या दिवशी नव्हे. शक्य असेल तर तेवढी रक्कम त्याच दिवशी बाजूला काढा.

बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून छोटा आकडा असतो. तेवढंच भरलं तर दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाचे चाळीस टक्क्यांच्या वर जातात. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. पूर्ण बिल भरता येत नसेल तर त्या महिन्यापासून कार्ड वापरणं थांबवा.

सगळे हप्ते आणि एसआयपी पगारानंतरच्या तीन-चार दिवसांतल्या तारखांना लावून घ्या. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँक आणि कर्ज देणारी कंपनी दोघेही पैसे कापतात, आणि कर्जाच्या हप्त्याची नोंद सिबिलपर्यंत, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेपर्यंत, जाते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती उघडून बघा. ओटीटी, संगीत, जिम अशी वापरात नसलेली वर्गणी तिथून तिथेच बंद करता येते. कार्डावर आपोआप जाणाऱ्या पैशांची सूचना आदल्या दिवशी यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ते मेसेज वाचत चला.

## ७. दोघं कमावत असाल तर

घरखर्च निम्मा-निम्मा वाटण्यापेक्षा मिळकतीच्या प्रमाणात वाटणं जास्त न्याय्य वाटतं. एकाचे ३०,००० आणि दुसऱ्याचे २२,००० असतील तर गरजा आणि वर्षाचे खर्च धरून ४०,५०० पैकी साधारण २३,४०० आणि १७,१०० असे वाटे येतात. उरलेल्यातून माहेरी-सासरी द्यायचे पैसे आणि बचत दोघांनी मिळून ठरवा, आणि काही रक्कम प्रत्येकाच्या हातात अशी राहू द्या की तिचा हिशोब विचारायचा नाही. ती ठेवली नाही की लपवाछपवी सुरू होते आणि वहीच खोटी ठरते.

## ८. उत्पन्न दर महिन्याला सारखं नसेल तर

शेती, रिक्षा, शिकवण्या, फ्रीलान्स काम अशा घरांनी गेल्या १२ महिन्यांतला सगळ्यात कमी मिळकतीचा महिना घ्यावा आणि गरजा त्यात बसवाव्यात. आलेलं सगळं एका खात्यात जमा करायचं आणि तिथून स्वतःला दर महिन्याला ठरलेला ‘पगार’ द्यायचा. ऊसाचं बिल किंवा सोयाबीनचे पैसे एकदम हातात आले की आधी पीककर्ज, मग पुढच्या हंगामाचं बियाणं-खत आणि मग घराचे महिने, असा क्रम ठेवा.

फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी प्रत्येक बिलातून कराचे पैसे वेगळे काढावेत. टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. त्या तिसऱ्या पायरीच्या कागदावर लिहून ठेवा.

## ९. महिनाअखेरचा मेळ

शेवटच्या रविवारी अर्धा तास काढा. सुरुवातीची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च आणि खात्यांबाहेर (ठेवीत, एसआयपीत) गेलेली बचत. येणारा आकडा सगळी खाती आणि रोख मिळून असलेल्या रकमेशी जुळतो का बघा. शंभर-दोनशेचा फरक सोडून द्या. हजारावर फरक असेल तर आधी एटीएम आणि कार्डाच्या नोंदी दोनदा धरल्या आहेत का ते तपासा, बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

मग ठरवलेल्या आणि झालेल्या खर्चाचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. एखाद्या बाबीत सलग तीन महिने जास्त खर्च होत असेल तर ठरवलेला आकडा चुकीचा आहे असं समजून तो वाढवा आणि दुसरीकडून तेवढे कमी करा. किराण्याला ८,००० लिहून दर महिन्याला ११,००० खर्च होत असतील तर आठ हजार नुसते कागदावरच राहतात. पुढच्या महिन्याचं बजेट त्याच बैठकीत, पगार पडायच्या आधी लिहून टाका.